प्रेमकादंबऱ्या ऐकणाऱ्यांच्या वतीने

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाचं पत्र आलं होतं, की ऑडिओबुक ऐकणं म्हणजे काही वाचन नव्हे, आणि त्यातही लोक प्रेमकथाच ऐकत बसतात म्हणजे तर निव्वळ टाइमपास. ते पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "त्यांना कळव, मी वाचते म्हणून." तर तिच्या वतीने आणि माझ्याही वतीने हे लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी आई ७९ वर्षांची आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय, डॉक्टर त्याला मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात, म्हणजे कडेकडेचं दिसतं पण जिथे नजर रोखावी नेमकं तिथेच धूसर. दारात कोणीतरी उभं आहे हे कळतं, चेहरा कळत नाही, आणि पुस्तकातली ओळ तर नाहीच नाही. जन्मभर वाचत आलेली बाई, लायब्ररीचं पुस्तक दोन दिवसांत संपवून तिसऱ्या दिवशी बदलायला निघणारी, आणि ती वर्षभर नुसती खुर्चीत बसून होती. मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणली, भिंग आणलं, मग भिंगातूनही दिसेना. तीन वर्षांपूर्वी मी मोबाईलवर तिला एक प्रेमकादंबरी लावून दिली, खास निवडून वगैरे नाही, ॲप उघडलं तर पहिली तीच दिसली म्हणून, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघी मिळून ऐकतो, तास दीड तास, मध्ये थांबवून वादही घालतो.

बोलत्या पुस्तकांची कल्पनाच मुळात ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुढे आली हे त्या पत्रलेखकांना बहुतेक ठाऊक नसावं. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ, म्हणजे आवाज नोंदवून परत ऐकवणारं यंत्र, तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याचे काय काय उपयोग होतील याची यादी एका मासिकात लिहिली, त्यात अंध लोकांना ऐकता येतील अशी पुस्तकं हा उपयोग दुसऱ्या नंबरावर आहे, संगीत त्याच्यानंतर. पण तेव्हाच्या सिलिंडरवर जेमतेम काही मिनिटांचा आवाज मावायचा, अख्खी कादंबरी ऐकायला १९३० चं दशक उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या त्या बोलत्या पुस्तकांच्या रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण १५ मिनिटं मावायची, म्हणजे एक कादंबरी म्हणजे रेकॉर्डचा गठ्ठाच, दर पाव तासाने उठून बाजू उलटायची. ब्रिटनमध्ये १९३५ साली बोलती पुस्तकं सुरू झाली, पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांचा त्यामागे मोठा विचार होता, आणि अगदी सुरुवातीच्या पुस्तकांमध्ये एक रहस्यकादंबरी होती. म्हणजे त्या माणसांनाही गोष्टच हवी होती ना, पुढे काय होतं ते हवं होतं. त्यांना कोणी तोंडावर सांगितलं असतं का की तुम्ही वाचत नाही?

अभ्यासही झालेत यावर. २०१६ साली अमेरिकेत एका संशोधनात काही जणांना पुस्तकाचा भाग फक्त ऐकवला, काहींना ई-रीडरवर वाचायला दिला, काहींना दोन्ही एकदम, आणि नंतर प्रश्न विचारले, लगेच आणि परत दोन आठवड्यांनी, तर समजण्यात आणि लक्षात राहण्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी मेंदूचं स्कॅनिंग करून पाहिलं तर तीच गोष्ट ऐकताना आणि वाचताना शब्दांचे अर्थ मेंदूत जवळजवळ त्याच जागी उमटत होते. मी हेही मान्य करते की अवघड विषयाचं पुस्तक, जिथे एक पॅरा तीनदा मागे जाऊन वाचावा लागतो, ते कानाने जमत नाही, निदान मला तरी नाही. पण कादंबरीचं तसं नाही, कादंबरीला पुढे जायचं असतं.

दुसरा आरोप जुनाच आहे, प्रेमकादंबऱ्या सगळ्या सारख्या, शेवट आधीच माहीत. हो, माहीत असतो. अमेरिकेत १९८० साली रोमान्स लेखकांची संघटना निघाली, त्यांच्या व्याख्येत दोनच अटी आहेत, गोष्टीच्या मध्यभागी प्रेमकथा हवी आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. म्हणजे शेवट गोड असणं हा लेखकाने वाचकाला दिलेला शब्द आहे. रहस्यकथेत खुनी सापडणार हे आपल्याला पहिल्या पानापासून माहीत असतं, तिथे कोणी तक्रार करत नाही. शेवट ठाऊक असला की लक्ष सगळं 'कसं' यावर जातं, ही दोन माणसं एकमेकांपर्यंत पोचणार कशी, कोणाला काय सोडावं लागणार, कोण आधी माफी मागणार. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये ६१ प्रकरणं आहेत आणि नायक पहिल्यांदा लग्नाचं विचारतो ते ३४व्या प्रकरणात, आणि तिथे त्याला नकार मिळतो. आज ज्याला 'स्लो बर्न' म्हणतात, म्हणजे हळूहळू फुलत जाणारं प्रेम, ते हेच. नकार मिळाल्यावर माणूस स्वतःत काय बदल करतो ते बघायला उरलेली जवळजवळ अर्धी कादंबरी आहे, आणि त्याच कारणासाठी ती दोनशे वर्षांनंतरही लोक वाचतायत.

जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन अभ्यासकांनी १९८४ साली रोमान्स वाचणाऱ्या बायकांवर एक पुस्तक लिहिलं, त्यासाठी त्या एका गावातल्या अशा बायकांशी प्रत्यक्ष जाऊन बोलल्या होत्या. त्या बायकांचं म्हणणं असं होतं की पुस्तक उघडलं की तेवढा वेळ आमचा, घरातल्या कोणाचा नाही. रॅडवेबाईंना या कादंबऱ्यांबद्दल शंकाही होत्या, की यातून बाई आहे त्याच चौकटीत समाधान मानायला शिकते, आणि ती शंका मला आजही रास्त वाटते. पण त्या बायकांचं ते वाक्य मी आईला सांगितलं तेव्हा तिने लगेच मान हलवली. आम्ही लहान असताना दुपारी अर्धा तास ती खोलीचं दार लोटून घ्यायची आणि आम्हाला सक्त ताकीद असायची, आत यायचं नाही. तेव्हा आम्हाला वाटायचं आई झोपते.

आता मला खरं जे सांगायचंय त्याच्याकडे येते. तीन वर्षं ऐकून माझी पक्की खात्री झालीय की प्रेमकादंबरीचा खरा कस कानावर लागतो. डोळ्यांनी वाचताना आपण लेखकाला खूप सांभाळून घेतो, कंटाळवाणं वर्णन आलं की नजर आपोआप चार ओळी खाली उतरते, तेच तेच वाक्य परत आलं तर लक्षातही येत नाही. कान तसं करू शकत नाही. ऐकताना प्रत्येक शब्दातून जावंच लागतं, तेवढाच वेळ देऊन. एका कादंबरीत नायिकेला 'आपण श्वास रोखून धरलाय हे तिला आत्ता कळलं' असं इतक्या वेळा होतं की आई शेवटी म्हणाली, "हिला दम्याचा त्रास आहे का, डॉक्टरकडे न्या कोणीतरी." कागदावर मी ते वाक्य दोनदा पाहिलं असतं आणि सोडून दिलं असतं.

संवादांचं तर विचारूच नका. हल्लीच्या बऱ्याच रोमान्समध्ये एक चॅप्टर तिचा, एक त्याचा, दोघंही 'मी' म्हणून बोलणार. चांगली युक्ती आहे ती, एकच प्रसंग दोन्ही बाजूंनी कळतो, तिने जे तुसडेपण समजलं ती त्याची भीती होती हे आपल्याला तिच्या आधी समजतं. पण त्यासाठी दोघांची भाषा वेगळी हवी. पुष्कळ पुस्तकांत चॅप्टरच्या वरचं नाव काढलं तर कोण बोलतंय ते ओळखू येणार नाही, तेच विचार, त्याच उपमा. छापील पुस्तकात नाव वर असतं म्हणून खपून जातं. ऑडिओत दोन आवाज असले तर वरवर फरक पडतो, पण जरा वेळाने कळतं की आवाज दोन असले तरी माणूस एकच बोलतोय.

आईने मला आणखी एक गोष्ट शिकवली. एका कादंबरीतला हिरो मला फार आवडत होता, अबोल, तापट पण आतून हळवा, अशा प्रकारचा, आणि आई तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हा तिला एकसुद्धा वाक्य पुरं करू देत नाही, तुझ्या लक्षात आलं का?" मी मागे जाऊन परत ऐकलं. खरंच. ती बोलायला लागली की तो मध्येच तोडतो, किंवा जवळ घेतो, किंवा निघून जातो, आणि लेखिका त्याला ओढ म्हणते. वाचताना मला ती ओढच वाटली असती. कानाला मात्र ते तोडणं ऐकू येतं, कारण निवेदिकेला तिथे प्रत्येक वेळी अर्ध्यावर थांबावं लागतं. तेव्हापासून मी प्रत्येक हिरोला याच मापाने मोजते, तो ऐकतो का. आणि आनंदाची गोष्ट ही की गेल्या काही वर्षांतल्या चांगल्या रोमान्समध्ये ऐकणारे हिरो आलेत, विचारणारे. हात धरण्याआधी, जवळ येण्याआधी विचारतात, आणि ती नाही म्हणाली तर थांबतात, तोंड पाडून नाही, नीट थांबतात. लोक म्हणतात यातून प्रेमाची मजा जाते. त्यांनी असा प्रसंग चांगल्या निवेदकाच्या आवाजात एकदा ऐकावा, 'चालेल?' या एका शब्दात केवढं काय काय असू शकतं ते कळेल.

शेवटाकडची एक सवय मात्र मला अजिबात आवडत नाही, आणि ती जवळजवळ सगळीकडे आहे. पुस्तक पाऊण संपलं की दोघांचं बिनसतं. बिनसायलाच हवं, मान्य, पण कशावरून? फोन उचलला नाही यावरून, अर्धवट ऐकलेल्या वाक्यावरून, जे एका मिनिटात विचारून मिटलं असतं अशा गोष्टीवरून. नऊ तासांच्या पुस्तकात आम्ही सात तास त्या दोघांना शहाणं होताना ऐकलंय आणि मग लेखिका एका रात्रीत त्यांचं शहाणपण काढून घेते, केवळ तिथे भांडण यायचं ठरलेलं असतं म्हणून. ज्या पुस्तकात ते भांडण दोघांच्या स्वभावातून येतं, म्हणजे एकाला मूल हवंय आणि एकाला नकोय, किंवा एकाची नोकरी दुसऱ्या देशात आहे आणि दोघांचंही बरोबर आहे, तिथे आई मला पुढचा चॅप्टर लगेच लावायला सांगते, रात्र झाली तरी.

आणि एक तक्रार प्रकाशकांबद्दल, ही जरा गंभीर आहे. हल्ली कव्हरवर हसरी कार्टून चित्रं, चटकदार रंग, आणि आत कधी हलकीफुलकी गोष्ट तर कधी घरातली मारहाण. अशा विषयावर लिहू नये असं मी मुळीच म्हणत नाही, उलट जरूर लिहावं, पण ऐकणाऱ्याला आधी सांगावं. आम्ही एकदा असंच गोड नावाचं पुस्तक लावलं आणि पाचव्या तासाला मारहाणीचा प्रसंग आला, आवाजासकट, रडण्यासकट, मी मोबाईल शोधून बंद करेपर्यंत मिनिटभर गेलं असेल. आई त्या रात्री झोपली नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरात पूर्वी काय झालेलं असतं ते कव्हर बनवणाऱ्याला माहीत नसतं. पान उलटता येतं, आवाज अंगावर येतो. सुरुवातीला दोन ओळींची सूचना दिली तर गोष्टीचं काही बिघडत नाही.

आता निवेदकांबद्दल. मला वाटतं प्रेमकादंबरीच्या ऑडिओत निवेदक हा अर्धा लेखक असतो. साधारण तासाला नऊ हजार शब्द धरले तर ऐंशी हजार शब्दांची कादंबरी नऊ तासांच्या आसपास जाते, एवढा वेळ एक माणूस तुमच्या कानाशी बोलत असतो, तिची आई, त्याचा भाऊ, शेजारचं लहान मूल, सगळ्यांचे आवाज सांभाळत. पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. एकात त्याचे चॅप्टर पुरुष वाचतो आणि तिचे बाई वाचते, याला ड्युअल म्हणतात, यात तिच्या चॅप्टरमध्ये त्याचे संवाद बाईच आवाज जड करून वाचते. दुसऱ्यात, म्हणजे ड्युएटमध्ये, चॅप्टर कोणाचाही असो, त्याचं वाक्य आलं की तोच बोलतो. सगळ्यांना ड्युएट आवडतं. मला विचाराल तर एकच चांगली निवेदिका मला जास्त भावते, कारण तिने त्याचं वाक्य वाचलं की ते तिच्या आठवणीतून आल्यासारखं वाटतं, जसं आपण मैत्रिणीला सांगतो ना, 'मग तो मला म्हणाला', तसं. आईचं मत याच्या उलट आहे, तिला पुरुषाचा आवाज पुरुषाचाच हवा.

निवेदकाची खरी कला शब्दांमध्ये नसते, थांबण्यात असते. म्हणून मला ते दीडपट स्पीडने ऐकणं पटत नाही. माझी मुलगी तसं ऐकते, तिला वेळ नाही, मी समजू शकते. पण नायिकेने प्रश्न विचारलाय, नायकाने उत्तर द्यायला तीन सेकंद घेतलेत, त्या तीन सेकंदांतच सगळं आहे, ते दोन सेकंद झाले की काहीतरी हरवतं. एकदा मुलीला मी साध्या स्पीडवर एक चॅप्टर ऐकायला लावला तर म्हणाली, "अगं, हा माणूस लाजतोय की." दीडपटीत तिला तो उद्धट वाटत होता.

म्हणूनच यंत्राच्या आवाजाबद्दल मला बोलल्याशिवाय राहवत नाही. जानेवारी २०२३ मध्ये ॲपलने पुस्तकं वाचणारे कॉम्प्युटरचे आवाज आणले, त्यांना माणसांसारखी नावं दिली, आणि त्यातले दोन आवाज, मॅडिसन आणि जॅक्सन, खास कथा-कादंबऱ्या आणि रोमान्ससाठी होते. सुरुवात करायला रोमान्सच का बरं घेतला असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मला वाटतं, या गोष्टी सारख्याच असतात आणि ऐकणारे लक्ष देऊन ऐकत नाहीत, हा जो समज त्या पत्रात होता तोच सगळीकडे आहे. उलट प्रेमकादंबरी ही यंत्राला सगळ्यात अवघड जायला हवी, कारण 'मला काही फरक पडत नाही' हे वाक्य त्यात नव्वद टक्के वेळा खोटं असतं, आणि ते खोटं आवाजात ऐकू यावं लागतं.

एक मात्र सांगते, यंत्राला मी सरसकट नाही म्हणणार नाही, माझ्या घरातच त्याचं कारण बसलंय. आईचे मेसेज, बातम्या, औषधाच्या चिठ्ठीचा फोटो, सगळं मोबाईलच तिला वाचून दाखवतो. असंख्य पुस्तकं अशी आहेत की ती कोणी माणूस बसून कधीच रेकॉर्ड करणार नाही, लहान भाषांमधली, जुनी, कमी खपणारी, आणि ज्याला दिसत नाही त्याला काहीच न मिळण्यापेक्षा यंत्राचा आवाज मिळालेला बरा. माझं म्हणणं एवढंच की विकताना ते ठळक सांगा, माणसाने वाचलंय की यंत्राने, आणि ज्या निवेदकाच्या आवाजावरून यंत्र शिकवलं असेल त्याला विचारून आणि पैसे देऊन शिकवा.

आईचा एक प्रश्न तुमच्यापर्यंत पोचवायचा राहिला. ती विचारते, या सगळ्या मुली पंचविशीच्याच का? साठीतली, सत्तरीतली माणसं प्रेमात पडतात ती कुठे जातात? अशी पुस्तकं आहेत पण शोधावी लागतात. एक मिळालं होतं आम्हाला, जोडीदार गेलेली दोन वयस्क माणसं, एकमेकांची औषधं लक्षात ठेवण्यापासून सुरू झालेली गोष्ट, आणि निवेदिकाही वयाने मोठी असावी, आवाजाला थोडी चरचर होती. त्यातला एक चॅप्टर, जिथे तो तिला फोनवर वर्तमानपत्र वाचून दाखवतो, आईने मला तीन वेळा लावायला सांगितला. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही.

तर संपादक महोदय, विनंती अशी. तुमच्या पुरवणीत पुस्तकांच्या समीक्षा येतात, त्यात प्रेमकादंबरीला जागा द्या, आणि तिची समीक्षा तितकीच कडक करा जितकी बाकीच्यांची करता, संवाद कच्चे असतील तर कच्चे म्हणा, हिरो दांडगाई करत असेल तर तसं लिहा, आम्हाला लाड नकोयत. ऑडिओबुकचीही समीक्षा येऊ द्या, आणि त्यात पुस्तक किती तासांचं आहे, पूर्ण आहे की संक्षिप्त, आवाज माणसाचा आहे की यंत्राचा आणि मारहाणीसारखं काही असेल तर तेही लिहा. जागा फारच कमी असली तर बाकी सगळं सोडा, पण लेखकाच्या नावाखाली निवेदकाचं नाव छापाच. आई मला प्रत्येक पुस्तक संपल्यावर ते विचारते, आणि ॲपवर ते इतक्या बारीक अक्षरांत असतं की आता मलाही चष्मा लावून शोधावं लागतं.

आपली,
एक वाचक, आणि तिची आई